उघडा लाइट आणि नाकाची सावली

अमळनेरला माझा स्टुडिओ आहे. लग्नसराईत मीही सॉफ्टबॉक्सच, म्हणजे उजेड मऊ करणारी पांढऱ्या कापडाची पेटीच, लावतो. पण शेतकरी, हमाल, पैलवान असा कुणी एकटा समोर बसला की सॉफ्टबॉक्स काढून ठेवतो आणि फ्लॅश उघडाच मारतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५च्या आसपास जातो. त्या उन्हात पन्नास वर्षं कापूस पिकवलेल्या कपाळावर जे उमटलेलं असतं ते मऊ उजेडात बुजतं, आणि मला ते जपायचं असतं. चोपड्याकडच्या एका आबांना असा फोटो दिला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हाऊ ते मना बाप शे!" (हा तर माझा बाप आहे!)

उघडा म्हणजे लाइटवर फक्त ७ इंची धातूचा रिफ्लेक्टर. छत्री नाही, पांढरं कापड नाही. सावलीची कड किती धारदार येणार हे चेहऱ्याच्या जागेवरून लाइट केवढा दिसतो त्यावर ठरतं. हा रिफ्लेक्टर साधारण १८ सेंटिमीटरचा. तो २ मीटरवर असला आणि नाकापासून गाल ३ सेंटिमीटरवर धरला, तर सावलीची पुसट कड जेमतेम पावणेतीन मिलिमीटर भरते. ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स १ मीटरवर आणा, तीच कड पावणेतीन सेंटिमीटर होते, म्हणजे सावली गालभर विरघळते. आणि ऊन याहूनही कडक. सूर्याइतका कडक उजेड हवा तर हा रिफ्लेक्टर १९ मीटर लांब न्यावा लागेल!

स्टँडला मी २ मीटरची सुतळी बांधून ठेवली आहे. लाइट कुठेही सरकवला की सुतळी ताणून माणसाच्या नाकाशी आणायची. अंतर तेच राहिलं तर एक्सपोजरही, म्हणजे फोटोत येणारा उजेडही, तेच राहतं. नाहीतर १ मीटरचे २ मीटर होताच उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप गेले (उजेड निम्मा झाला की एक स्टॉप). माझा ४०० वॉट-सेकंदांचा लाइट या अंतरावर १/१६ पॉवरला ठेवला की आयएसओ १००, शटर १/१६० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/८ च्या आसपास काम होतं. तुमच्या लाइटचं गणित तुम्ही एकदा मारून बघा आणि स्टँडवरच चिकटवून ठेवा.

आता खरं काम. फ्लॅश मारण्याआधी खोलीत अंधार करा, मोबाइलची टॉर्च लाइटच्या जागी धरा आणि फक्त नाकाची सावली बघा. माणसाच्या समोरून ४५ अंश बाजूला, डोक्याच्या हातभर वर, इथून सुरुवात. सावली ओठाच्या कोपऱ्याकडे उतरली पाहिजे, पण ओठावर चढता कामा नये. चढली तर मिशी फुटल्यासारखी दिसते. लाइट आणखी बाजूला न्या, नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो. रापलेल्या चेहऱ्याला मला हाच आवडतो. त्या डोळ्यात उजेडाचा ठिपका आहे ना, हे मात्र नक्की बघा. डोळे खोल असतील किंवा डोक्याला फेटा असेल तर लाइट वीतभर खाली घ्या. इथे वीतभराने चेहरा बदलतो. घाई करू नका, माणसालाही हलवा. कधी लाइटपेक्षा हनुवटी सरकवणं सोपं असतं.

पांढरी टोपी हा वेगळा प्रश्न. चेहऱ्याप्रमाणे एक्सपोजर धरलं की टोपीचं विणकाम-शिवण सगळं उडतं. मी रिफ्लेक्टरच्या वरच्या बाजूला, लाइटपासून हातभर पुढे, काळा पुठ्ठा क्लिपने अडकवतो. पुठ्ठा लाइटजवळ असल्यामुळे त्याची कड दिसत नाही, फक्त टोपीवरचा उजेड हळूच उतरतो. कपाळावरचा घाम आणि तेल आधी रुमालाने टिपून घ्या. कडक उजेडात तिथे पांढरा डाग पडतो. सुरकुत्यांवर पावडर थापू नका.

भिंत जवळ असेल तर सावली भिंतीवर कापल्यासारखी पडेल. हवी असेल तर माणूस भिंतीला टेकवा, नको असेल तर दोन मीटर पुढे बसवा. सावलीकडची बाजू फारच काळी गेली तर उजेड परतवायला त्या बाजूला पांढरा थर्माकोल लावा, पण मी शक्यतो लावत नाही.

रावेरकडे केळीच्या बागेत दुपारी फोटो काढायचा असेल तर ऊन माणसाच्या पाठीमागे घ्या. आयएसओ १००, शटर १/२००, एफ/१६ ठेवलं की मागचं भर ऊन एक स्टॉप दबतं. फ्लॅश १/४ला आणा. बऱ्याच कॅमेऱ्यांवर १/२०० किंवा १/२५०च्या पुढे गेलात तर शटरच्या पडद्याची काळी पट्टी फोटोत येते.

जोडप्याच्या फोटोत हा लाइट लावताना आजींना लाइटच्या बाजूला, किंचित मागे बसवा आणि आबांना पलीकडे. उलट बसवलंत तर आबांच्या डोक्याची सावली थेट आजींच्या तोंडावर पडते.