वाचनालयाचं अनुदान अडकलं की धावपळ होते, या चुका टाळा

मी गावातल्या 'क' वर्ग (शासन वाचनालयांना अ ते ड असे दर्जे देतं, त्यातला तिसरा) वाचनालयाच्या कमिटीत बरीच वर्षं हिशोब बघितलाय, त्यामुळे काय चुकतं ते जवळून माहितीये.

पहिली चूक म्हणजे शासनाचं परिरक्षण अनुदान (वाचनालय चालवायला दरवर्षी मिळणारे पैसे) वेळेवर आणि पूर्ण येणारच असं धरून वर्षाचा खर्च ठरवणं. ते हप्त्यांत येतं, दुसरा हप्ता कधीकधी पार मार्च संपता संपता खात्यात पडतो, आणि महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात कर्नाटक-तामिळनाडूसारखा ग्रंथालय सेस, म्हणजे वाचनालयांसाठीचा वेगळा कर, नाहीये, म्हणजे सगळी भिस्त राज्याच्या बजेटवर, तिथं कात्री लागली की सरळ आपल्या ग्रंथपालाचा पगार थांबतो. आधीच तो पगार किती तुटपुंजा असतो! म्हणून निदान सहा महिन्यांचा पगार, लाइटबिल आणि पेपरवाल्याचं बिल भागेल एवढी रक्कम वेगळ्या एफडीत ठेवा, बाकी खरेदी हप्ता जमा झाल्यावरच करा.

दुसरी चूक आमच्याकडेच झाली. पैसे कमी पडले तेव्हा सभासदांची अनामत वापरून कपाटं घेतली, पुढे पाच-सहा जणांनी एकदम सभासदत्व सोडलं आणि परत द्यायला पैसेच नाहीत. अनामत हे उत्पन्न नाही, देणं आहे, तिचं खातं वेगळंच हवं. आजीव सभासदांची फी पण एका वर्षात उडवू नका, त्यांना पुस्तकं जन्मभर द्यायचीयेत.

आणि दप्तर! अनुदान दरवेळी वरूनच कमी होतं असं नाही. 2012 मधे महसूल खात्याकडून राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली, तेव्हा रजिस्टरं अपुरी असलेल्यांची चांगलीच पंचाईत झाली. दाखल रजिस्टर (आलेल्या पुस्तकांची नोंद), देवघेव, सभासद फी, हजेरी हे रोजच्या रोज लिहा, ऑडिट आणि वार्षिक अहवाल जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे वेळेत द्या, पोच घ्या. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज 90 दिवसांत, हे पण राहून जातं.

देणग्यांचं म्हणाल तर 80जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी) संपलंय का ते आजच बघा, नोंदणी आता साधारण 5 वर्षांचीच असते. पुस्तकांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजना आहेत, अर्ज राज्याच्या ग्रंथालय खात्यामार्फत जातो.

अनुदान आधीच अडकलं असेल तर पहिल्यांदा पुस्तक खरेदी थांबवा, पगार नाही. ग्रंथपाल गेला की दार बंद, आणि एकदा संध्याकाळी दार बंद दिसलं की पोरं परत यायला फार वेळ लागतो.