मेटल डिटेक्टरने जुनी नाणी शोधताना आणि त्यांचे मोल ठरवताना

मेटल डिटेक्टर विकत घेण्याआधी कायदा समजून घ्यावा, कारण जमिनीतून निघालेले जुने नाणे ते शोधणाऱ्याच्या मालकीचे आपोआप होत नाही. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला ऐवज दहा रुपयांहून अधिक मोलाचा असेल, तर तो कोठे, केव्हा आणि कोणत्या स्वरूपात सापडला हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. मुंबईत शहर आणि उपनगर असे दोन स्वतंत्र जिल्हे असल्यामुळे जागा कोणत्या हद्दीत येते, हे आधीच पाहून ठेवावे. कान्हेरी, घारापुरी किंवा वसईचा किल्ला अशा संरक्षित स्मारकांच्या परिसरात यंत्र नेऊच नये. तेथे परवानगीशिवाय खोदकाम करता येत नाही, आणि एखादे नाणे उपसून काढल्याने त्या जागेच्या इतिहासाचा पुरावा कायमचा विस्कटतो. खासगी वाडी, जुन्या बंगल्याचे आवार किंवा पुनर्विकासाला जाणाऱ्या चाळीचे अंगण असेल, तर मालकाची लेखी संमती घ्यावी. चौपाटीवर जाण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारणा करणे शहाणपणाचे.

मुंबईच्या मातीत कचऱ्याचे धातू फार आहेत. लोखंडी सळ्यांचे तुकडे, बाटल्यांची बुचे आणि ॲल्युमिनियमचे कागद यांमुळे यंत्र सतत वाजत राहते, आणि नवखा माणूस कंटाळून लोखंडाचे सगळे संकेत बंद करून टाकतो. जुनी चांदी आणि तांबे शोधायचे असेल, तर त्याने फारसे बिघडत नाही. मात्र गेल्या दोन दशकांतील एक आणि दोन रुपयांची बरीच नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची असल्यामुळे ती या गाळणीत वगळली जाऊ शकतात. पडद्यावरचा आकडा धातू कोणता असावा हे सुचवतो; चांदी आणि तांबे हे उत्तम वाहक असल्याने साधारणपणे वरचा आकडा दाखवतात, तर ॲल्युमिनियमचे तुकडे मधल्या पट्ट्यात घोटाळा करतात. म्हणून आकड्यावर विसंबण्याऐवजी दोन्ही दिशांनी कॉइल (यंत्राच्या टोकाची शोधचकती) फिरवून आवाज तसाच स्वच्छ आणि एका ठिकाणी येतो का, हे ऐकावे. कॉइल जमिनीला समांतर आणि अगदी जवळ ठेवावी, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवावी, म्हणजे मधली पट्टी सुटत नाही.

जुहू, वर्सोवा, अक्सा अशा किनाऱ्यांवरची ओली, खारट वाळू स्वतःच वीज वाहते आणि एकाच वारंवारतेच्या साध्या यंत्राला फसवते. अशा वेळी यंत्राची संवेदनशीलता कमी करावी, किंवा एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारे यंत्र घ्यावे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सर्वांत खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असणारा पट्टा उघडा पडतो, म्हणून भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून निघावे आणि पाणी वळायच्या आत परतावे. शहरातील बरीच जमीन भराव टाकून तयार झालेली आहे, त्यामुळे तेथे निघालेले नाणे मुळात दुसऱ्याच ठिकाणच्या मातीबरोबर आलेले असू शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

संकेत पक्का झाला की लहान खुरप्याने नाण्याच्या बाजूने माती सैल करावी. थेट वरून खुपसले तर पात्याचा चरा नाण्यावर उमटतो. बाहेर काढण्यापूर्वी जागेचे छायाचित्र घ्यावे, खोली मोजावी, तारीख लिहावी आणि खड्डा पूर्ववत बुजवावा. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या माहितीसाठीही हीच नोंद उपयोगी पडते.

यानंतरची पायरी सर्वांत नाजूक आहे. आपल्याकडे तांब्याची वस्तू हाती आली की चिंच-मीठ किंवा लिंबू लावून लखलखीत करण्याची सवय आहे, पण नाण्याला तसे कधीही करू नये. काळसर किंवा तपकिरी थर हे त्याचे संरक्षक कवच असते, आणि घासलेले नाणे संग्राहक तत्काळ ओळखतो. डिस्टिल्ड पाण्यात भिजवून माती आपोआप सुटू द्यावी, मऊ कापडाने नुसते टिपावे, आणि तेवढ्यावरच थांबावे.

मोल ठरवताना आधी धातू पाहावा. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या ब्रिटिश भारतातील चांदीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक जुना तोळा, आणि शुद्धता सुमारे ९१.७ टक्के असते. म्हणजे त्यात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवशीचा चांदीचा भाव त्याला लावला की नाण्याची किमान किंमत कळते. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया निकेलचा आहे. तो चुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. ग्रॅमचा शंभरावा हिस्सा दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर वजन करावे आणि कडेवरच्या खाचा भिंगाखाली पाहाव्यात. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेला बहुधा जोडरेषा दिसते आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात.

धातूपेक्षा जास्त भाव ठरवतात ते वर्ष, टांकसाळ आणि झीज. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागील बाजूस कमळाखाली ठिपका असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचे, नसेल तर कलकत्त्याचे. प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर मुंबईची खूण वर्षाखालचा हिरकणीचा आकार असतो, आणि हैदराबादची खूण तारा. १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाल्याने ती नाणी मागे घेण्यात आली, म्हणून ती संग्राहकांना हवी असतात. १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मीळ आहे. तो दिसला तर आनंद होण्याआधी सालाचा शेवटचा अंक कोणी बदललेला नाही ना, हे भिंगाखाली तपासावे. शिवराईवर (मराठेशाहीतील तांब्याचे नाणे) एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात, परंतु ती अनेक काळांत आणि अनेक टांकसाळींत पाडली गेल्यामुळे अक्षरांची ठेवण ओळखणाऱ्या जाणकाराशिवाय तिची किंमत सांगता येत नाही.

फसवणुकीचे प्रकारही माहीत हवेत. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, राम-सीता किंवा हनुमान आणि १६१६, १७१७, १८१८ अशी साले असलेली तांब्याची ‘अर्धा आणा’ नाणी खरी नसतात. विशिष्ट नाण्यासाठी लाखो रुपये देऊ असे सांगून आधी शुल्क मागणाऱ्यांबाबत रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. तुलनेसाठी फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावे, आणि नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संस्थेचीही ओळख करून घ्यावी. किंमत दोन-तीन जाणकारांकडून स्वतंत्रपणे विचारावी आणि जाहीर लिलावांत तसेच नाणे खरोखर किती रुपयांना गेले, ते पाहावे. विक्रेत्याने लावलेली किंमत ही केवळ त्याची अपेक्षा असते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते, म्हणून परदेशी ग्राहकाला पाठवता येत नाही.

घरी ठेवताना पीव्हीसीच्या पाकिटात नाणे घालू नये, कारण मुंबईच्या दमट हवेत त्याचा चिकट हिरवा थर तांब्यावर बसतो. आम्लविरहित कागदाची पाकिटे आणि सिलिका जेलच्या पुड्या वापराव्यात, आणि पावसाळ्यात त्या पुड्या वरचेवर बदलाव्यात.