दिवाळीत मुलांना कृतज्ञता शिकवताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठा घोळ फराळाच्या डब्यात होतो. भाऊबीज उलटते, चकल्या मऊ पडतात, चिवड्याला खवट वास येऊ लागतो आणि मग घरातून हाक येते, "जा, वॉचमनकाकांना देऊन ये." मूल त्यातून एवढंच शिकतं की आपल्याला नको ते दुसऱ्याला द्यायचं. त्यावर मुंबईच्या सोसायट्यांमधला कळस म्हणजे मोबाइल घेऊन मागे उभी असलेली आई: "अरे, इकडे बघ ना!" पोरगं कॅमेऱ्याकडे बघतं, काकांकडे नाही. फोटो मात्र पाच मिनिटांत ग्रुपवर.

पहिले डबे बाहेरच्यांचे भरा, तेही धनत्रयोदशीच्या आत. चार लाडू, चार करंज्या. पाव किलो चिवडा वेगळ्या पिशवीत, नाहीतर सादळतो. फराळ पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, आत वाफ धरते. भरायचं काम मुलाचं. दोन करंज्या मोडतील, मोडू द्या. यादीही त्यालाच करायला लावा: कचरेवाल्या मावशी, पेपरवाला, इस्त्रीवाला आणि दरवर्षी हमखास राहून जाणारा रात्रपाळीचा वॉचमन. नाव माहीत नसेल तर आधी जाऊन विचारायचं. पोस्ताचं पाकीट वेगळं. फराळ दिला म्हणून पोस्त कापणारे महाभागही आहेत!

दुसरा घोळ, "थँक्यू म्हण!" आत्याचं पाकीट हातात पडायच्या आत सगळ्यांसमोर हा हुकूम सुटतो. मूल पुटपुटतं आणि पळतं. त्या क्षणी तुम्हीच आत्याला धन्यवाद म्हणा. दोन दिवसांनी मुलाला आत्याला फोन लावून द्या आणि पैशांचं काय घेतलं ते सांगू द्या. चार वर्षांच्या पोराकडून याहून जास्त मागू नका.

"त्या गरीब मुलांकडे बघ जरा" हे तर पूर्ण बंद. त्याने अपराधी वाटतं, कृतज्ञ नाही.

ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा तीन गोष्टी रोज लिहायची वही? तिसऱ्या दिवशी "आई, बाबा, आजी" अशी रतीब घातल्यासारखी यादी येते. आठवड्यातून एकदा, एकच गोष्ट, पण कारणासकट.

जुने कपडे देताना चेन आणि बटणं मुलालाच तपासायला सांगा.

आणि फटाके उडवून तसंच वर जायचं नाही. जळालेल्या फुलबाज्यांच्या तारा पाण्याच्या बादलीत, कागदांचा खच गोणीत, त्याच रात्री. सकाळी झाडू मारायला येणाऱ्या मावशींच्या पायात त्या तारा रुततात, हे मुलाला तिथेच, बादलीपाशी सांगा.