किलेस गाडीची चावी नीट सांभाळायची कशी

सगळ्यात आधी आपली चावी नेमकी कुठल्या प्रकारची आहे ते बघून घ्या, नाहीतर भलत्याच गोष्टीवर पैसे जातात. चावीवरचं बटण दाबल्यावरच दरवाजे उघडतात आणि गाडी सुरू करायला चावी घालून फिरवावी लागते, तर ती साधी रिमोट चावी. चावी खिशातच राहते, हँडलला हात लावला की लॉक उघडतं आणि स्टार्टचं बटण दाबलं की इंजिन सुरू होतं, तर ती किलेस. धोका दोन्हीला आहे पण वेगवेगळा, आणि किलेसवाल्यांनी तर खरंच मनावर घ्यायला हवं कारण तुमची चावी तुम्ही काही न करताही गाडीशी बोलत असते.

ते कसं होतं हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. हँडलला हात लावला की गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपासचा एक कमजोर सिग्नल सोडते, तो जेमतेम एक-दोन मीटरपर्यंत पोचतो. चावीला तो मिळाला की ती जागी होते आणि ४३३ किंवा ३१५ मेगाहर्ट्झवर उत्तर देते, हे उत्तर मात्र बरंच लांब जातं. उत्तर बरोबर असलं की गाडी उघडते. आता यात गाडी अंतर मोजतच नाही, आपला सिग्नल लांब जात नाही म्हणजे चावी जवळच असणार असं ती धरून चालते, आणि चोर नेमका याचाच फायदा घेतात. एक जण गाडीपाशी उभा राहतो, दुसरा घराच्या दाराजवळ, दोघांकडे यंत्र असतं, गाडीचा सिग्नल उचलून दारापलीकडच्या चावीपर्यंत नेतात आणि चावी बिचारी खरं खरं उत्तर देऊन टाकते. कोड तोडायची गरजच पडत नाही. याला रिले अटॅक म्हणतात. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्येच ८ कंपन्यांच्या १० मॉडेल्सवर हे करून दाखवलं होतं, आणि जर्मनीतला एडीएसी हा वाहनचालकांचा क्लब तेव्हापासूनच्या नव्या नव्या गाड्याही तपासत आलाय, त्यातही असंख्य गाड्या अशाच उघडल्या. आणि एकदा इंजिन सुरू झालं की चावी लांब गेली तरी ते आपोआप बंद पडत नाही, चालत्या गाडीचं इंजिन मध्येच बंद होणं जास्त धोक्याचं म्हणून गाडी फक्त चावी नसल्याचा इशारा देत राहते, म्हणजे चोर सरळ निघून जाऊ शकतो.

मग करायचं काय, तर चावीचं बोलणं बंद करायचं. दाराजवळच्या खुंटीवर किंवा खिडकीत चावी ठेवायची सवय असेल तर आजच मोडा, आत लांबच्या खोलीत ठेवा, पण एवढ्यावर भागत नाही कारण भिंतीतून सिग्नल जातो. सिग्नल अडवणारं पाऊच किंवा डबी घ्या, फॅराडे पाऊच म्हणून मिळतं. पण घेतलं आणि निर्धास्त झालो असं करू नका, तपासा. चावी आत टाका, तोंड नीट बंद करा, पाऊच हातात धरून गाडीच्या हँडलला अगदी चिकटवा आणि दार उघडायचा प्रयत्न करा. उघडलं तर पाऊच कुचकामी. नाही उघडलं तर चावी तशीच आत ठेवून बाहेरून चावीवरचं बटण चाचपून दाबून बघा, तेव्हाही काही होता कामा नये. ही तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी परत करा कारण आतलं धातूचं कापड घडीवर झिजतं, बाहेरून पाऊच नवं कोरं दिसतं आणि आत भेग पडलेली असते. काही पाऊचना दोन कप्पे असतात आणि त्यातला एकच सिग्नल अडवतो, तेही बघून घ्या. अॅल्युमिनियम फॉइल एखाद्या रात्रीपुरतं ठीक, ते लगेच फाटतं. मायक्रोवेव्हमध्ये चावी ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, घरातल्या कुणी न बघता तो चालू केला तर चावीही जाईल आणि आगही लागेल. आणि हो, स्पेअर चावी! एक चावी पाऊचमध्ये आणि दुसरी कपाटात उघडी, असं असेल तर काहीच उपयोग नाही, दोन्ही झाकल्या पाहिजेत.

पाऊचपेक्षाही बरा उपाय म्हणजे चावीच झोपवणं, आणि तो बऱ्याच गाड्यांमध्ये आधीपासून असतो, फक्त मॅन्युअल कुणी उघडत नाही. टोयोटाच्या अनेक किलेस चाव्यांमध्ये लॉकचं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून अनलॉक दोनदा दाबायचं, चावीवरचा दिवा चार वेळा लुकलुकला की ती बॅटरी सेव्हिंगमध्ये गेली, मग कुठलंही बटण दाबेपर्यंत ती गाडीला उत्तर देत नाही. मर्सिडीजच्या काही चाव्या लॉक दोनदा पटपट दाबलं की झोपतात. बाकी कंपन्यांची पद्धत वेगळी, मॅन्युअलमध्ये शोधा. काही नवीन चाव्यांमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, टेबलावर ठेवली की थोड्या वेळात चावी आपोआप गप्प, पण खिशात घेऊन चालताय तोवर ती जागीच असते हे लक्षात ठेवा, म्हणजे गर्दीत कुणी तुमच्या मागे यंत्र घेऊन चालला तर सेन्सर तुम्हाला वाचवणार नाही. किलेस एंट्री गाडीच्या सेटिंगमधूनच बंद करता येत असेल तर माझं स्पष्ट मत, बंद करा, बटण दाबून दार उघडायला काही कष्ट पडत नाहीत. गाडी सुरू करायला पिन लावायची सोय असेल तर ती आजच चालू करा. टेस्लाने २०१८ मध्ये ही सोय दिली, त्याच वर्षी बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी मॉडेल एसची चावी काही सेकंदात क्लोन करून दाखवली होती कारण आत जुनं ४० बिटचं कमजोर एन्क्रिप्शन, म्हणजे सहज फुटणारं गुप्त कुलूप होतं. पिन असला की चावीची नक्कल झाली तरी गाडी जागची हलत नाही.

आता साध्या रिमोटवाल्यांसाठी. इथे मुख्य प्रकार जॅमिंगचा, म्हणजे तुम्ही पार्किंगमध्ये चालता चालता मागे न बघता बटण दाबता, जवळच कुणीतरी त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंगाट सोडत असतो, गाडीला लॉकचा सिग्नल मिळतच नाही आणि तुम्ही उघडी गाडी सोडून जाता. म्हणून गाडीपाशी उभं राहून लॉक करा, इंडिकेटर लागले का बघा, लॉकचा खट्ट आवाज ऐका, मग हँडल ओढून बघा. किलेसमध्ये एक गोची आहे, चावी खिशात असताना हँडल ओढलं तर दार उघडणारच, त्यामुळे चावी सोबतच्या माणसाकडे देऊन त्याला थोडं लांब उभं करा आणि मग ओढा, एकटे असाल तर आरसे मिटले का ते बघा.

बटण पहिल्यांदा लागलं नाही आणि दुसऱ्यांदा लागलं, असं अचानक झालं तर थोडं सावध व्हा. आजच्या बहुतेक रिमोटमध्ये रोलिंग कोड असतो, दर वेळी नवा कोड जातो आणि वापरलेला परत चालत नाही. पण सॅमी कमकर या सुरक्षा संशोधकाने २०१५ मध्ये रोलजॅम नावाचं छोटं यंत्र दाखवलं, ते पहिला कोड अडवून जवळ ठेवतं, तुम्ही परत दाबलं की दुसराही अडवतं आणि गाडीला पहिला पाठवतं, तुम्हाला वाटतं दुसऱ्यांदा बटण लागलं, आणि न वापरलेला दुसरा कोड चोराकडे राहतो. यावर सोपी गोष्ट म्हणजे गाडी तिथून हलवा आणि दुसरीकडे जाऊन रिमोटने लॉक-अनलॉक करा, गाडीला त्यानंतरचा कोड मिळाला की चोराकडचा साधारणपणे शिळा होतो. साधारणपणे म्हणतोय कारण २०२२ मध्ये होंडाच्या काही मॉडेल्समध्ये जुने कोड ओळीने पाठवले तर गाडी मागे जाऊन तेच परत स्वीकारते असं समोर आलं.

नवीन गाडी घेताना चावीत यूडब्ल्यूबी (अल्ट्रा वाइडबँड हे रेडिओ तंत्र) आहे का एवढं नक्की विचारा. त्यात सिग्नल जायला-यायला लागणारा वेळ मोजला जातो, रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जाते, म्हणजे मध्ये कुणी सिग्नल लांबून फिरवला तर उशीर लगेच पकडला जातो. फोनची चावी आहे म्हणून निश्चिंत राहू नका, नुसत्या ब्लूटूथवर चालणाऱ्या फोन चावीवरही रिले चालतो, २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सायबर सुरक्षा कंपनीने टेस्ला मॉडेल ३ वर ते करून दाखवलंय.

एक गोष्ट मात्र कुठलंही पाऊच थांबवू शकत नाही. चोर हेडलाइटच्या मागची वायर गाठून थेट गाडीच्या कॅन नेटवर्कवर, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यावर, चावी बरोबर आहे असा खोटा मेसेज टाकतात, २०२३ मध्ये केन टिंडेल या वाहन सुरक्षा तज्ज्ञाने एका चोरलेल्या टोयोटा रॅव्ह४ वरून हे सविस्तर उलगडून दाखवलं, यात चावीचा संबंधच येत नाही. म्हणून स्टिअरिंगला दिसेल असं जाडजूड लोखंडी लॉक लावा. जुनाट वाटतं खरं, पण ते काढायला वेळ आणि आवाज दोन्ही लागतात आणि चोराला दोन्ही नको असतात. सोबत लपवून बसवलेला जीपीएस ट्रॅकर असेल तर उत्तम.

जुनी गाडी घेतली असेल किंवा एक चावी हरवली असेल तर सर्व्हिस सेंटरला जाऊन गाडीच्या मेमरीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते विचारा, हातात नसलेल्या सगळ्या पुसून टाकायला सांगा आणि ते काम समोर उभं राहून करून घ्या. आणि मूळ चाव्या सगळ्या जपून ठेवा, कारण गाडी गेलीच तर क्लेमच्या वेळी विमा कंपनी साधारणपणे त्या सगळ्या मागते, एखादी कमी असली की प्रश्न सुरू होतात.