गोजी बेरी घरी कशी लावायची आणि कशी वापरायची

ड्रायफ्रूटच्या दुकानात जी लाल लांबट गोजी बेरी मिळते ना, ती सगळ्यात नावाजलेली म्हणजे चीनमधल्या निंगशियातली, त्यातही चोंगनिंगची. तिकडे पाऊस जेमतेम, पाणी पिवळ्या नदीच्या कालव्यांचं, ऊन कडक, हिवाळा कडाक्याचा आणि माती जरा खारवट. एवढं डोक्यात ठेवलं तर अर्धं काम झालं, कारण या झाडाला थंडी मारत नाही, मुळाशी साचलेलं पाणी मारतं. म्हणून अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी परसात बिनधास्त लावा, उणे 20 डिग्रीसुद्धा सोसतं, पण कोकण-मुंबईच्या पावसात उघड्यावर नको, कुंडीत लावून पावसाळ्यात छपराखाली घ्या.

हे वांगी-टोमॅटोच्या कुळातलं. सुकी बेरी रात्रभर भिजवून बोटांनी चेपली की चपटं पिवळसर बी बाहेर येतं, ते वरवर पेरायचं, वर चिमूटभर माती भुरभुरवायची, 20 ते 25 डिग्रीत साधारण आठ-पंधरा दिवसांत उगवतं (फार तापवून वाळवलेली असेल तर नाही उगवणार). पण माझं मत विचाराल तर कोणाकडे झाड असेल तर हिवाळा संपताना पेन्सिलएवढ्या जाडीची कटिंग आणा, बियांची रोपं एकसारखी निघत नाहीत, चीनमधले शेतकरीही कटिंगच लावतात. फळ बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

शेणखत जास्त घालू नका, नुसता पाला माजतो. छाटणी मात्र दरवर्षी हवीच! एक बुंधा ठेवा, काठीला बांधा, मुळातून येणारे फुटवे काढत राहा, कमरेच्या थोडं वर आलं की शेंडा खुडा म्हणजे आडव्या फांद्या फुटून खाली लोंबतात आणि नव्या फुटीवर जांभळी फुलं आणि बेरी लागतात. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आणि मावा (रस शोषणारी बारीक कीड) येतात, झाड दाट झालं की जास्त.

तोडणी नाजूक. पूर्ण लाल झाल्याशिवाय तोडू नका आणि देठासकट अलगद काढा, दाबलं गेलं की वाळताना तिथे काळं पडतं. एकाच थरात पसरा, आधी सावलीत ठेवा, साल सुरकुतली की मग उन्हात, आणि वाळेपर्यंत हाताने चाळवायचं नाही, हे निंगशियातल्या लोकांचं जुनं शिस्तीचं काम आहे. मनुक्यासारखी चिवट झाली की घट्ट झाकणाच्या बरणीत.

वापर सोपा आहे. चिनी औषधकोशात रोजचं प्रमाण 6 ते 12 ग्रॅम दिलंय, म्हणजे साधारण एक मोठा चमचा, त्यांच्याकडे यकृत, मूत्रपिंड आणि डोळ्यांसाठी सांगतात. वाळवलेल्या पांढऱ्या शेवंतीबरोबर गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवून चहा करतात, उरलेल्या बेरी खाऊन टाकायच्या, फेकायच्या नाहीत. चिकन सूपमध्ये शेवटच्या दहा मिनिटांत टाका, आधी टाकली तर आंबूस लगदा होतो. झाडाचा कोवळा पाला दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगमध्ये सूपमध्ये घालतात, अंड्याबरोबर छान लागतो.

आणि हे प्लीज नीट वाचा: रक्त पातळ करायची वॉरफरिन गोळी चालू असेल तर गोजी घेऊ नका, गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. शुगर किंवा बीपीच्या गोळ्या असतील, गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.