आयटीचे शेअर पडायला लागले की कधी घ्यायचे

ऊसाचं बिल जमा होतं आणि नेमकं त्याच आठवड्यात आयटी लाल दिसायला लागलं की कोल्हापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, भावा इन्फोसिस लय पडलाय, घेऊ काय? माझं म्हणणं असं, की लय पडलाय हे घ्यायचं कारणच नव्हे. का पडलाय ते आधी बघा, मग कधी घ्यायचा ते ठरतं.

कधी कधी सगळा बाजारच पडतो. २३ मार्च २०२० ला लोअर सर्किट लागून (फार पडझड झाली की बाजार थोडा वेळ थांबवतात ते) निफ्टी ७६१० ला बंद झाला, चांगलं वाईट सगळं एकत्र आपटलं, पण आयटी कंपन्यांची कामं काय बंद पडली नव्हती, पोरं घरातनं लॅपटॉपवर करतच होती, आणि वर्षाच्या आत निफ्टी आयटी, म्हणजे आयटी कंपन्यांचा इंडेक्स, दुप्पट झाला. असल्या पडझडीत घाबरून थांबलेला माणूस मागं राहतो.

दुसरी पडझड धंद्याची असते. आपल्या आयटीचा मोठा पैसा अमेरिकेतनं येतो, तिकडच्या बँकांनी खर्च आवळला की इथं ऑर्डरी लांबतात. एप्रिल २०२३ मध्ये इन्फोसिसनं पुढच्या वर्षाची वाढ ४ ते ७ टक्केच सांगितली आणि शेअर एका दिवसात ९ टक्क्यांच्या आसपास पडला. हे दुखणं दोन दिवसांत बरं होत नाही, दोन-चार तिमाह्या जातात, त्यामुळं इथं घाई करायचीच नाही. आणि हिशोबच खोटे निघाले, ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीचे निघाले तसे, तर स्वस्त मिळतोय म्हणून एक शेअर पण घेऊ नका. त्या एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त किंमत उडाली होती.

आता हा हिशोब नीट बघा, कारण लोक इथंच फसतात. १००० चा शेअर २०० ला आला म्हणजे ८० टक्के पडला, आता अजून किती पडणार असं वाटतं. तो १०० ला गेला तर एकूण ९० टक्केच दिसतं, पण २०० ला घेणाऱ्याचे निम्मे पैसे गेलेले असतात. २००० च्या मार्चपासनं २००२ च्या ऑक्टोबरपर्यंत अमेरिकेचा नॅसडॅक, म्हणजे तिकडच्या टेक कंपन्यांचा भरणा असलेला इंडेक्स, ७८ टक्के पडला आणि जुनी पातळी दिसायला २०१५ उजाडलं, तेही इंडेक्सचं, त्यातल्या कितीतरी कंपन्या तर परत उठल्याच नाहीत.

म्हणून मी तारीख भावावर नाही, निकालावर धरतो. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, या महिन्यांत कंपन्यांचे तिमाही निकाल येतात, बहुतेक वेळा टीसीएस सगळ्यात आधी. निकालात नफ्याचा मोठा आकडा सोडा, कॉन्स्टंट करन्सीतली, म्हणजे चलनाचा चढउतार बाजूला काढून मोजलेली, वाढ बघा, कारण रुपया घसरला की नुसत्या रुपयातला धंदा उगाच फुगलेला दिसतो. मग ऑपरेटिंग मार्जिन, म्हणजे शंभर रुपयाच्या धंद्यात खर्च जाऊन किती उरतात ते, टिकलंय का, नवीन डील किती मिळाल्या, आणि मॅनेजमेंट पुढच्या वर्षाबद्दल काय बोलतंय. पीई, म्हणजे शेअरचा भाव एका शेअरमागच्या नफ्याच्या किती पट आहे ते, बघायचाच असेल तर त्याच कंपनीच्या मागच्या दहा वर्षांशी लावून बघा, दुसऱ्या कुठल्या कंपनीशी नको.

मला सगळ्यात जास्त भरवशाची वाटणारी खूण म्हणजे निकाल वाईट आला, पेपरात बातम्या पण वाईट आल्या, तरी शेअर आधीच्या तळाखाली गेला नाही. विकणारे बऱ्यापैकी विकून मोकळे झालेत असा त्याचा अर्थ होतो. कायम खरं ठरतंच असं नाही, पण पहिला हप्ता टाकायला मला एवढं पुरतं.

हप्ता म्हणजे असं, एक लाख घालायचे ठरवलेत तर २५ हजाराचे चार भाग करायचे, प्रत्येक तिमाही निकाल वाचून झाल्यावर एक भाग. तळ सापडणार नाही, न सापडू दे. लागोपाठ दोन तिमाह्या मार्जिन घसरलं आणि बरोबरीच्या कंपन्यांचं मात्र ठीक असेल तर पुढचा हप्ता थांबवायचा, ॲव्हरेज करायचं, म्हणजे पडेल तसं अजून घेऊन सरासरी भाव खाली आणायचा, म्हणून करत बसायचं नाही. ऑडिटर मधेच राजीनामा देऊन गेला किंवा प्रमोटरनं, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकानं, शेअर गहाण टाकायचा सपाटा लावला तर सरळ बाहेर पडायचं.

कुठली कंपनी घ्यावी कळत नसेल तर निफ्टी आयटीचा ईटीएफ, म्हणजे तो सगळा इंडेक्स धरणारा आणि शेअरसारखाच घेता येणारा फंड, घ्या, दहा कंपन्या एकदम येतात, एखादी बसली तरी सगळं बुडत नाही.

आणि पैसा कुठला घालताय ते बघा की. सोसायटीचं कर्ज, खतं, पुढच्या लागणीचा खर्च, पोरांची फी हे सगळं बाजूला काढून उरेल तेवढाच, आणि तो पण पाच वर्षं लागणार नाही असा. सोनं गहाण ठेवून किंवा ब्रोकरच्या एमटीएफवर, म्हणजे त्याच्या उसन्या पैशावर, पडता शेअर घ्यायचा नाही म्हणजे नाही, अजून १५ टक्के पडला की मार्जिन, म्हणजे तारणाचे जादा पैसे, भरा म्हणून मेसेज येतो आणि नाही भरलं तर ब्रोकर तुमचा माल नेमका तळाला विकून टाकतो.

पहिला हप्ता टाकल्यावर शेअर लगेच वर पळाला तर मागं धावू नका. उरलेले तीन भाग लिक्विड फंडात, म्हणजे थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवायच्या म्युच्युअल फंडात, पडून राहू देत, पुढच्या निकालाला परत बघायचं.