कॉपी केलेलं हरवायचं, ते थांबलं

सोसायटीचा मेंटेनन्स भरताना दर महिन्याला तीच रड. खाते क्रमांक कॉपी केला, मग आयएफएससी कोड कॉपी केला, की आधीचा गायब! पुन्हा फाइल उघडा, पुन्हा शोधा. शेवटी भाचीने कीबोर्डवरचं खिडकीच्या चिन्हाचं बटण धरून व्ही दाबायला लावलं. छोटी चौकट उघडली; पहिल्यांदा तेवढं ‘टर्न ऑन’ करावं लागतं. आता शेवटचे २५ तुकडे तिथे ओळीने दिसतात, हवा त्यावर क्लिक केलं की चिकटला. रीस्टार्ट केल्यावर यादी पुसली जाते, म्हणून खाते क्रमांक पिन करून ठेवलाय. पासवर्ड मात्र लगेच डिलीट करतो, घरात नातवंडं आहेत. २०१८ पासून विंडोज १० मध्ये ही सोय होती, आणि मी वहीत आकडे उतरवत बसलो होतो!